तळणीचे तेल आणि सरकारी हिशेब

डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे पंपावर उभे असताना सहसा आपल्या ध्यानात येत नाही. रुडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला नीट चालले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने तशाच एका छोट्या इंजिनात चक्क शेंगदाण्याचे तेल घातले. इंजिन खनिज तेलासाठी बांधलेले. तरी काहीही फेरफार न करता ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांना फरक कळला, असे पुढे १९१२ साली खुद्द डीझेलने सांगितले आहे. ही फ्रेंच सरकारची हौस नव्हती. त्यांच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक. बाहेरून इंधन न आणता तिथली यंत्रे तिथल्याच तेलावर चालावीत, हा हिशेब. म्हणजे या कथेत रसायनशास्त्राइतकेच सरकारचे गणित पहिल्यापासून आहे.

खनिज तेल स्वस्त झाले आणि शेंगदाणा पुन्हा आपल्या कढईत गेला. १९३७ साली ब्रसेल्सच्या शावान यांनी पामतेलावरील प्रक्रियेचे पेटंट घेतले, १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूव्हां अशी एक बसही त्या इंधनावर धावली.

प्रक्रिया कशासाठी? खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट. थंडीत ते साकळते आणि नोझल चोंदते. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून त्यातले ग्लिसरीन सोडवले की ते तळाशी बसते, वर पातळ बायोडिझेल राहते. शंभर किलो तेलाला सुमारे दहा किलो मिथेनॉल लागते, आणि साधारण तितकेच ग्लिसरीन निघते. तळून काळ्या पडलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असते. ते आधी काढले नाही तर इंधनाऐवजी साबण हाती येतो! पण या इंधनात गंधक जवळजवळ नसते, आणि वापरलेले तेल जाळताना कोणाच्या ताटातला घास जात नाही.

आम्हा ब्रिटनवासीयांना यातले सर्वांत रंजक प्रकरण वेल्समधल्या लानेथ्लीचे. २००२ साली तिथल्या काही मोटारवाल्यांनी सुपरमार्केटमधले स्वस्त खाद्यतेल टाकीत ओतायला सुरुवात केली. डिझेलवर तेव्हा लिटरमागे ४५.८२ पेन्स कर होता. तो भरल्याशिवाय कोणतेही तेल मोटारीत जाळणे हा गुन्हा. एक्झॉस्टमधून चिप्सचा वास येणाऱ्या गाड्या अडवल्या जाऊ लागल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या पथकाचे नाव ठेवले ‘फ्राइंग स्क्वॉड’. लोक हसले, पण मला ती घटना हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. त्या गाड्यांत इंजिनाची तक्रार नव्हती, तिजोरीची होती. त्याच जुलैत सरकारने बायोडिझेलवरचा कर २० पेन्सनी कमी केला, आणि ३० जून २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत इंधन करणाऱ्याला करातून वगळले. इंजिन तेच, तेलही तेच. गुन्हा मात्र उरला नाही.

पुढे २००८ पासून इंधन कंपन्यांवर जैवइंधनाचे बंधन आले, वापरलेल्या तेलाला दुप्पट प्रमाणपत्रे मिळू लागली. भाव इतका वधारला की अलीकडे यातले पुष्कळसे तेल चीनहून जहाजाने येते. ते खरोखर वापरलेले की ताजे पामतेल मिसळलेले, अशी शंका युरोपात घेतली जाते, आणि ती अनाठायी नाही. इकडे घरोघरची तळणी मात्र सिंकमध्येच! लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २०१७ साली १३० टनांचा चरबीचा गोळा सापडला, तो अशाच घरगुती उदारपणाचा.

भारतात अडचण उलटी आहे. तिथे तळणीचे तेल वाया जातच नाही. मोठ्या हॉटेलातले उरलेले तेल रस्त्यावरच्या भज्यांच्या कढईत जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ‘पोलर’ घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजना आणली. नियम चांगला आहे. पण भजीवाला त्या डब्याचे जे पैसे देतो, त्याहून चार रुपये जास्त बायोडिझेलवाल्याने मोजले, तरच डबा त्याच्या दारी जाईल.