ग्वाल्हेर, व्हँकुव्हर आणि मोहन्यातला एक शुक्रवार

तर झालं असं, की 2026 च्या फेब्रुवारीत इटलीत हिवाळी ऑलिंपिक चालू होतं, तेव्हा ऑफिसात जेवताना विषय निघाला की आपल्याकडे हे बर्फातले खेळ कधी धड दाखवतच नाहीत. टीममधला एकजण पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "अरे पण बघतो कोण?" झालं. विषय संपला, सगळे पुन्हा आपापल्या डब्याकडे वळले.

माझा मात्र घास अडकला. कारण 'बघतो कोण' या प्रश्नाचं उत्तर मला चांगलंच माहीत होतं. माझी बहीण.

फेब्रुवारी 2010. आम्ही मोहन्यात राहायचो. ज्यांना मोहने माहीत नाही त्यांच्यासाठी: कसारा लाइनवर कल्याणनंतर शहाड, मग आंबिवली. तिथे उतरून उल्हास नदीच्या बाजूला यायचं. एनआरसीचा रेयॉनचा कारखाना आणि त्याची कॉलनी हीच गावाची ओळख, आणि तो कारखाना आदल्याच वर्षी, 2009 मध्ये बंद पडलेला. मी सातवीत, बहीण पाचवीत. तिला त्या वर्षी रोलर स्केटिंगचं वेड लागलं होतं. दर रविवारी बाबा तिला रिक्षाने कल्याणला एका क्लासला न्यायचे. मोहन्यातल्या रस्त्यांवर चाकांचे बूट घालून चालणं हे धाडसच होतं, त्यामुळे उरलेला आठवडा ती गॅलरीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची. खालचे काका वैतागायचे.

तिने पेपरात किम यू-ना या कोरियन स्केटरचा फोटो बघितला आणि कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. व्हँकुव्हरला फिगर स्केटिंगची फायनल तिथल्या 25 तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे 26 फेब्रुवारी, शुक्रवारी सकाळी. आमची दोघांची शाळा दुपारची. केबलवर एका स्पोर्ट्स चॅनेलवर दाखवणार होते. भारनियमनाची वेळही आड येत नव्हती. सगळे ग्रह जुळले होते :)

फक्त एक गोष्ट मध्ये आली होती. 24 तारखेला ग्वाल्हेरला सचिनने नाबाद 200 केले होते. 147 चेंडू, 25 चौकार, 3 षटकार. तो दिवस ज्याला आठवत नाही त्याने हा लेख इथेच सोडावा.

शुक्रवारी सकाळी स्केटिंग सुरू झालं. बहीण आंघोळ करून, वेणी घालून टीव्हीसमोर बसलेली. सुरुवातीच्या काही मुली झाल्या. साडेनऊच्या पुढे जाहिराती लागल्या. त्या संपल्या, आणि स्केटिंगऐवजी सचिनच्या द्विशतकावरचा खास कार्यक्रम सुरू झाला. ना सूचना, ना दिलगिरी. आता येईल, मग येईल करत ती बसून राहिली. दुसऱ्या कुठल्या चॅनेलवर मिळतंय का बघूया म्हणून तिने रिमोट मागितला. बातम्यांच्या चॅनेलांवर प्रणव मुखर्जींचं बजेट. तेवढ्यात किमने 228.56 गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलंसुद्धा. जपानची माओ असादा दुसरी आली. कॅनडाची जोॲनी रोशेट, जिची आई काही दिवसांपूर्वीच वारली होती, ती तिसरी. हे सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.

मोठा झाल्यावर या चीडचिडीचा इतिहास शोधायला लागलो. (प्रोजेक्ट बेंचवर होता, वेळच वेळ होता.) आणि लक्षात आलं की आमच्या घरातला तो शुक्रवार जगात ठिकठिकाणी, वेगवेगळ्या कारणांनी होऊन गेलेला आहे.

हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं ते 1956 मध्ये, इटलीतल्या कोर्तिनाहून. 1960 च्या स्क्वॉ व्हॅलीच्या स्पर्धांचे अमेरिकेतले हक्क सीबीएसने 50 हजार डॉलरला घेतले. एनबीसीने 2014 मध्ये 2032 पर्यंतच्या सगळ्या ऑलिंपिकसाठी केलेला करार 7.75 अब्ज डॉलरचा होता. एवढे पैसे ओतल्यावर ते वसूल करायचे तर जाहिराती हव्यात, आणि जाहिरातींना भाव रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. मग खेळ कधीही होवो, लोकांना तो रात्रीच दाखवायचा!

22 फेब्रुवारी 1980 ला लेक प्लॅसिडमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला आइस हॉकीत हरवलं. अमेरिकेच्या क्रीडा इतिहासातला हा सर्वांत गाजलेला सामना. तो संध्याकाळी पाचला झाला आणि एबीसीने तो रात्री आठला टेपवरून दाखवला. म्हणजे ज्यांनी तो 'बघितला' त्यातल्या बहुतेकांनी संपलेला सामना बघितला. 1994 ला लिलहॅमरमध्ये नॅन्सी केरिगन आणि टॉन्या हार्डिंग समोरासमोर आल्या (हल्ल्याचं ते प्रकरण आठवत असेल), तोही कार्यक्रम सीबीएसने टेपवरून रात्री दाखवला. रेटिंग 48.5! अमेरिकी टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वांत जास्त बघितल्या गेलेल्या कार्यक्रमांपैकी एक.

आणि आमचं 2010 चं व्हँकुव्हर? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं आणि व्हँकुव्हरचं घड्याळ एकच. सिॲटलहून गाडीने तीनेक तासांत व्हँकुव्हर येतं. तरी पश्चिम किनाऱ्यावर एनबीसीने रात्रीचं मुख्य प्रक्षेपण उशिराच दाखवलं. न्यूयॉर्कच्या लोकांना आधी, शेजारच्यांना नंतर. सिॲटलच्या बाजूला आपले सॉफ्टवेअरवाले मराठी लोक किती आहेत ते सांगायला नको. तेही त्यात आलेच.

पण अमेरिकेतली तक्रार 'उशिरा का दाखवता' ही होती. आपली 'दाखवताच का नाही' ही. या दोन्हींत फरक आहे. उशिरा दाखवणारा निदान तुम्हाला गिऱ्हाईक तरी मानतो.

आपल्याकडे टीव्ही 1959 मध्ये दिल्लीत आला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. 1982 च्या एशियाडच्या वर्षी रंग आला. नव्वदीपर्यंत दूरदर्शन दाखवेल तो खेळ, नाही दाखवलं तर नाही. ही मक्तेदारी मोडली ती क्रिकेटवरून. 1993 च्या हीरो कपचे प्रक्षेपण हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिले. सरकारने 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेतला, कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, म्हणजे आपल्या मराठी माणसाने. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा अधिकारही येतो, असा त्याचा गाभा.

वाचून मी हरखलो. प्रेक्षकाला अधिकार आहे! पण पुढे काय झालं? सरकारी मक्तेदारीच्या जागी बाजार आला. 2007 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेचे हक्क खासगी चॅनेलकडे होते. भांडण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि दूरदर्शनला सात मिनिटं उशिराचं चित्र मिळालं. लगेच फेब्रुवारीत वटहुकूम आणि त्याच वर्षी कायदा: राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागेल. चांगला कायदा आहे, केबल नसलेल्या घरांचा त्यात विचार आहे. पण 'महत्त्वाचं' काय ते ठरवणार कोण? कायदा व्हायला निमित्त झालं तेही क्रिकेटच.

या सगळ्यात बर्फावरचा भारतीय कुठे होता? होता ना. 1964 मध्ये इन्सब्रुकला पोलिश वंशाचा जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून स्कीइंगला उतरला होता. 1998 मध्ये नागानोला मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन वयाच्या 16 व्या वर्षी ल्यूजमध्ये उतरला आणि 2018 पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. आपल्याकडे ल्यूजचा ट्रॅक नाही, म्हणून हा माणूस घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रकांच्या मधून सराव करायचा. हे वाचलं तेव्हा मला आमची गॅलरी आठवली.

व्हँकुव्हरलाही शिवा होता, 29 वा आला. स्पर्धा सुरू होण्याच्या दिवशीच, 12 फेब्रुवारीला, त्याच ट्रॅकवर सराव करताना जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली मरण पावला. आमच्या घरी त्या ऑलिंपिकचा बातम्यांत दिसलेला तुकडा हाच, पुन्हा पुन्हा. 2014 ला सोचीत शिवा सरावात गाडीवरून पडला आणि घसरता घसरता पुन्हा चढून बसला. ती क्लिप इंटरनेटवर जगभर फिरली. तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती, त्यामुळे आपले तीन खेळाडू उद्घाटनाला तिरंग्याशिवाय चालले. तिरंगा मिळाला तो बंदी उठल्यावर, स्पर्धा अर्ध्यावर आल्यावर. 2018 च्या जानेवारीत आंचल ठाकूरने तुर्कस्तानात कांस्य जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक. तेही देशाला कळलं ट्विटरवरून.

2022 चं बीजिंग तर वेगळंच. भारताकडून एकटा आरिफ खान, गुलमर्गच्या बाजूचा, तिरंगा त्याच्याच हातात. पण चीनने मशाल नेण्यासाठी गलवानच्या संघर्षातला आपला लष्करी अधिकारी निवडला. भारताने राजनैतिक बहिष्कार टाकला आणि दूरदर्शनने उद्घाटन व समारोप थेट दाखवणार नसल्याचं जाहीर केलं. गलवानमध्ये आपले 20 जवान गेले होते, त्यामुळे तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण परिणाम बघा. काश्मीरमधला एक पोरगा एकट्याने देशाचा झेंडा घेऊन चालला आणि देशाच्या वाहिनीवर तो क्षण थेट दिसला नाही. आरिफ पुढे जायंट स्लालममध्ये 45 वा आला.

म्हणजे कधी बाजार, कधी कोर्ट, कधी राजकारण. दर वेळी कारण वेगळं, आणि दर वेळी ते पटण्यासारखं. गंमत इथेच आहे.

आता पुन्हा 'बघतो कोण'कडे. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे: जी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, तिची नोंद लॉगमध्ये सापडत नाही. मग मॅनेजर लॉग बघून म्हणतो, हे फीचर कुणाला नकोच आहे. टीव्हीचं रेटिंग असंच. जे दाखवलं त्यातलं किती बघितलं एवढंच मीटर मोजतं. न दाखवलेल्या गोष्टीची वाट बघत वेणी घालून बसलेली पाचवीतली मुलगी त्यात कुठेच नसते. सचिनच्या कार्यक्रमाला त्या दिवशी आमच्या घरातून दोन प्रेक्षक मिळाले असंच कुणीही मोजलं असतं.

अजून एक. त्या सकाळी निवेदक सारखा सांगत होता, की एकदिवसीय क्रिकेटमधलं हे जगातलं पहिलं द्विशतक. साफ चूक. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने 1997 च्या महिला विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 केले होते. कुठे माहितीये? मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. आंबिवलीहून लोकलने दीड-दोन तासांवर! पुरुषांमधलं पहिलं, एवढंच म्हणायला हवं होतं. पण जे डोळ्यांसमोर आणलं जात नाही ते घडलेलंच नसतं, मग ते व्हँकुव्हरला असो की वांद्र्याला.

डबा संपवून मी बहिणीला फोन लावला. ती आता पुण्यात नोकरी करते. स्केटिंग तिने आठवीत सोडलं. त्या शुक्रवारमुळे नव्हे. क्लास लांब होता, अभ्यास वाढला, नेहमीचंच. किमची ती चार मिनिटं तिने पुढे कॉलेजात असताना यूट्यूबवर बघितली.

मी तिला माझा सगळा सिद्धांत ऐकवला. 1980, 1995, लॉग, मीटर, सगळं. म्हटलं, बघ, त्या चॅनेलने तुला मोजलंच नाही.

ती म्हणाली, "दादा, चॅनेलचं सोड. मी रिमोट मागितला तेव्हा तू दिला नव्हतास. उलट आवाज वाढवला होतास."

खरं आहे. मी वरती लिहिलंय ना, तिने रिमोट मागितला म्हणून? पुढचं लिहायचं टाळलं होतं. रिमोट माझ्या हातात होता, आणि त्याआधी दोन दिवसांत दहा वेळा बघितलेला तो दोनशेवा रन मला अकराव्यांदा बघायचा होता. चॅनेलवाल्याने जो प्रेक्षक डोळ्यांसमोर धरला होता, तो मीच.

असो. सोमवारी डेप्लॉयमेंट आहे, झोपतो आता.