बिरवाडीची रेसिडेन्सी

नीट-पीजीचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फॉर्ममध्ये शाखांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली. मी सर्वांत वर ‘एमडी, इमर्जन्सी मेडिसिन’ टाकलं. आई म्हणाली, “म्हणजे कॅज्युअल्टीच ना? त्यासाठी आणखी तीन वर्षं? उद्या श्रीवर्धनला दवाखाना काढायचा म्हटलास तर पाटीवर काय लिहिणार?”

तिचं फारसं चुकत नव्हतं. भारतात या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. पण आमच्या जिल्ह्यात हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि त्याचा धागा आमच्या घरापर्यंत येतो.

आजीचा धाकटा भाऊ विंचू चावून गेला. लाकडाच्या मोळीत हात घातला, इतकंच. आजी सांगायची, “आधी घामाने भिजला, मग हातपाय बर्फासारखे गार पडले, आणि पहाटे तोंडाला गुलाबी फेस.” भगताला बोलावलं होतं. हे वर्णन मला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी पुस्तकात पुन्हा भेटलं: फुप्फुसात पाणी भरणं, पल्मनरी इडिमा.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरला शिकलेला हा तरुण डॉक्टर. लाल विंचवाचे रुग्ण त्यांच्यासमोर असेच दगावत होते आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली: घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी केलं. १९८२ साली या लक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला.

विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुप्फुसं भरतात. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. एमडी होऊन ते याच भागात परतले आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते लागू पडलं. पण ते औषध थेंबाथेंबाने शिरेतून द्यायचं, आणि डॉक्टरने सतत रक्तदाब मोजत उशाशी बसायचं. वाडीवरच्या रुग्णाला ते कुठून मिळणार?

मग आलं प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. तोंडाने द्यायची, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. त्यावरचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. हे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आलं. आपल्याच उत्तरावर ते थांबले नाहीत. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे महाडमधल्या सत्तर रुग्णांच्या चाचणीतून त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी यांनी २०११ साली ‘बीएमजे’मध्ये मांडलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो नायट्रोप्रुसाइडपासून प्राझोसिनपर्यंतचा प्रवास. मॉनिटर, पंप, चोवीस तास माणसं, हे सगळं असताना जीव कसा वाचवायचा, ते मला रेसिडेन्सीत शिकवतील. तेच ज्ञान रात्री दोन वाजता एक नर्स आणि एक गोळी असलेल्या केंद्रात चालेल असं करणं, हे शिक्षणाचं दुसरं अर्धं. ते शहरात मिळत नाही. त्यासाठी परत यावं लागतं.

मी येईन का? मुंबई पाहिलेल्या माणसाने अशी वचनं जपून द्यावीत. आईला मी एवढंच म्हटलं, “आजीच्या भावाला त्या रात्री जो डॉक्टर हवा होता ना, तो व्हायचंय.”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “फॉर्मची मुदत कधीपर्यंत आहे? भरून टाक.”