फ्रेंच टोस्ट: शिळ्या ब्रेडचा गरमागरम नाश्ता

अंडं आणि दुधाच्या मिश्रणात भिजवून तव्यावर भाजलेला ब्रेड म्हणजे फ्रेंच टोस्ट. नाव फ्रेंच असलं तरी कल्पना फार जुनी आहे. ‘एपिसियस’ या प्राचीन रोमन पाककृतिसंग्रहात ब्रेड दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती सापडते. फ्रेंच लोक या टोस्टला ‘पॅं पेर्द्यू’, म्हणजे ‘वाया गेलेला ब्रेड’ म्हणतात. कडक झालेला ब्रेड टाकून न देता खाण्याजोगा करायचा, हाच यामागचा हेतू.

शिळा ब्रेडच का?

ताजा ब्रेड मिश्रणात बुडवला की लिबलिबीत होतो आणि उचलताना तुटतो. एक-दोन दिवसांच्या ब्रेडमधला स्टार्च घट्ट झालेला असतो. त्यामुळे तो दूध शोषतो, तरी आकार सोडत नाही. घरात ताजाच ब्रेड असेल तर आधी तव्यावर कोरडा शेकून घ्या.

मात्र शिळा म्हणजे बुरशी आलेला नव्हे. एक जरी ठिपका दिसला तरी तेवढाच भाग कापून उरलेला ब्रेड वापरू नका. बुरशीचे तंतू न दिसता आतवर पसरलेले असू शकतात.

साहित्य (दोघांसाठी)

• ब्रेडचे ४ स्लाइस
• २ अंडी
• अर्धा कप दूध
• २ चमचे साखर, चिमूटभर मीठ
• थोडी वेलची किंवा जायफळ पूड
• भाजायला तूप

कृती

१. अंडी, दूध, साखर, मीठ आणि वेलची पूड पसरट भांड्यात नीट फेटा.
२. प्रत्येक स्लाइस दोन्ही बाजूंनी साधारण २० सेकंद भिजवा.
३. तव्यावर तूप सोडून मध्यम-मंद आचेवर दोन्ही बाजू २-३ मिनिटं सोनेरी भाजा.

नेहमी होणारी चूक

आच मोठी ठेवली की साखर लगेच करपते आणि आतलं अंडं कच्चं राहतं. मधोमध दाबून पाहा. ओलं मिश्रण बाहेर आलं तर अजून थोडं भाजा.

गोड नको असेल तर?

साखर आणि वेलची वगळून बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर हळद घाला. अंडं खात नसाल तर अर्धा कप थंड दुधात २ चमचे कस्टर्ड पावडर आणि साखर कालवून त्यात ब्रेड बुडवा.

टोस्ट गरम असतानाच खा. गार झाला की मऊ पडतो.