परवाना आणि जागल

सेलूहून हिंगणीच्या वाटेनें बोरच्या जंगलांत जातां येतें. येथें शिकार करण्याचा हक्क कोणाचा होता? भोंसल्यांचें राज्य 1854 मध्यें खालसा झालें, 1862 मध्यें वर्धा जिल्हा निराळा झाला, आणि 1878 च्या वनकायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें वा फांसे लावणें हा गुन्हा ठरला. त्याच वर्षीं शस्त्रांचा कायदा होऊन बंदुकीस परवाना लागूं लागला. युरोपीयांस मात्र त्यांतून सूट होती. परिणाम असा कीं, सुटींत आलेला लष्करी अधिकारी शिकारी म्हणून गौरविला गेला, आणि रानांत फांस मांडणारा गांवकरी चोर ठरला. जंगल सरकारचें झालें. रानडुकरें मात्र शेतकऱ्याच्याच वांट्यास राहिलीं.

1970 मध्यें बोर अभयारण्य झालें, 1972 च्या वन्यजीव कायद्यांतील शिकारीचे परवाने 1991 च्या दुरुस्तीनें संपुष्टांत आणले, आणि 2014 मध्यें तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. हें इष्टच झालें. कायद्यापुढें साहेब व गांवकरी अखेर सारखे ठरले. परंतु साहेबाचा केवळ शोक सुटला. शेतकऱ्याची जागल सुटली नाहीं. वाघ राखण्याचें पुण्य साऱ्या देशाचें असेल, तर त्या जागलीचा भारही साऱ्या देशानें उचलला पाहिजे.