पाठ-अभ्यास, गणिताचा (सातारा व सांगली)

शिक्षकांच्या गटाने गणिताचा एक पाठ मिळून आखायचा, त्यांतील एकाने तो वर्गावर घ्यायचा, इतरांनी मुलांचे निरीक्षण करायचे आणि नंतर एकत्र बसून तो सुधारायचा, या पद्धतीला पाठ-अभ्यास म्हणतात. निरीक्षणाचा विषय मूल असते, शिकवणारा नव्हे. पाठ कसा झाला, याचे उत्तर सर्वांत आधी हात वर करणाऱ्या मुलाकडे नसते; गप्प बसलेल्या मुलाच्या वहीत ते सापडते. म्हणून गणितातील समतेसाठी ही पद्धत मोलाची आहे.

उगम : जपानमध्ये ही पद्धत ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाने ओळखली जाते. तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मेइजी काळात आहेत. जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ (1999) या पुस्तकामुळे ती जपानबाहेर पोहोचली. महाराष्ट्रात तिला जवळची रचना म्हणजे आसपासच्या शाळांचे केंद्र आणि केंद्रप्रमुखांनी भरवलेली शिक्षण परिषद. परिषदेतला आदर्श पाठ मात्र दाखवण्यासाठी असतो, पाठ-अभ्यासातला पाठ तपासण्यासाठी.

साताऱ्यातील वारसा : कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि 1935 मध्ये खेड्यांतील शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून अध्यापक विद्यालय निघाले. अलीकडचे ठळक उदाहरण कुमठे बीटचे (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट). विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापन स्वीकारले. वर्गाच्या फरशीवर आकृत्या व तक्ते रंगवले गेले. मुले जमिनीवर बसून खडे, काड्या, मणी हाताळत स्वतः संख्या रचू लागली. हे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. याच सुमारास, प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे हे ध्येय सांगणारा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने सुरू झाला. कुमठ्याने पाठ-अभ्यास हे नाव वापरले नाही, पण एकमेकांचा वर्ग उघडा ठेवण्याची सवय तीच आहे.

एक पाठ, सदतीस : पाठ-अभ्यासाला विषय लहानच हवा. ‘सदतीस’ उच्चारताना सात आधी येतो आणि तीस नंतर. लिहिताना मात्र 3 आधी. त्यामुळे ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल 73 लिहिते. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येते, म्हणून 59 लिहिले जाते. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत; मूल भाषेचे नीट ऐकते, म्हणूनच त्या होतात. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत. कन्नडमध्ये 37 म्हणजे मूवत्तेळु, आधी तीस, मग सात; 49 म्हणजे नलवत्तोंबत्तु, चाळीस आणि नऊ. तिथल्या मुलाची घरची भाषा अंकांच्या क्रमानेच चालते. तिला अडथळा समजण्याऐवजी तिचा आधार घेतला, तर ते मूल सगळ्या वर्गाला वाट दाखवू शकते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण पुढे ठेवून त्याचे समर्थन केले.

असा पाठ आखणारा गट आधी मुलांच्या संभाव्य चुका लिहून काढतो. मग दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे व सात सुट्या काड्या, शंभर मण्यांच्या माळेवर पन्नासच्या आधीचा मणी, असे साहित्य ठरवतो. प्रत्येक निरीक्षक दोन-तीन मुलांजवळ बसतो, मदत न करता टिपणे घेतो. चर्चेत ‘बाईंनी छान शिकवले’ हे वाक्य पुरत नाही. कोणत्या मुलाने गठ्ठा सोडला, का सोडला, हे सांगावे लागते. दुरुस्त केलेला पाठ दुसऱ्या शाळेत पुन्हा घेतला जातो.

कोणासाठी : पाटण, जावळीच्या डोंगरातील वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांवर दिवाळीच्या सुमारास बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांचे वर्ष मध्येच तुटते. मोळी, टन, उचल, खाडे हे शब्द त्यांच्या घरात रोज ऐकू येतात. हिशोब त्यांना परका नसतो, पुस्तकातला हिशोब परका वाटतो. त्यांच्या शब्दांतून उदाहरण रचले, तर तो परकेपणा कमी होतो.

मर्यादा : दोनशिक्षकी शाळेतले दोघेही दुसरीकडे पाठ पाहायला गेले, तर शाळा उघडी राहत नाही. कागदी कामांतून वेळ काढावा लागतो. पाठाला गुण देण्याची सवय शिरली, तर शिक्षक चूक लपवतो आणि मूलही लपवते. म्हणून शिक्षकांना एकमेकांसमोर चुकण्याची मोकळीक देणे ही पाठ-अभ्यासाची पहिली अट आहे. ती पाळली गेली, तरच 73 लिहिणाऱ्या मुलाला वर्गात ‘असे का लिहिलेस?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो.