पॅटी बॉइड : गीतांमागील स्त्री

इंग्लंडमध्ये १९४४ साली जन्मलेल्या पॅटी बॉइड यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये मॉडेलिंग सुरू केले. १९६४ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांना बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन भेटले. १९६६ मध्ये विवाह झाला.

महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीकडे बॉइड बीटल्सच्या आधी वळल्या होत्या. १९६८ च्या ऋषिकेशवारीचे मूळ तिथे आहे.

पुढे हॅरिसन यांचे मित्र एरिक क्लॅप्टन बॉइड यांच्या प्रेमात पडले. निजामीच्या लैला-मजनू आख्यानावरून १९७० मध्ये ‘लैला’ हे गीत जन्मले. गीत अजरामर झाले; १९७९ चा विवाह मात्र क्लॅप्टन यांच्या मद्यासक्तीत होरपळला आणि १९८९ मध्ये संपला.

गीतांत बॉइड इतरांच्या नजरेने दिसतात. त्यांची स्वतःची नजर त्यांनी टिपलेल्या त्या काळाच्या छायाचित्रांत आहे.