किल्ली पाहुण्याच्या हाती

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, मावझल नावाचे लहानसे बंदर आहे. इंग्रजी अक्षरांप्रमाणे वाचले तर त्याचे नाव 'उंदराचे बीळ' असे होते! करड्या दगडांची, एकमेकांना खेटून उभी असलेली तेथील कोळ्यांची घरे आज मोठ्या संख्येने सुट्टीपुरती भाड्याने दिली जातात. चूल, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सारे तयार असते. पाहुण्याने स्वतः रांधून खावे.

ही घरे विश्रांतीसाठी बांधलेली नव्हती. १५९५ साली स्पॅनिश आरमाराने हे गाव जाळले, तेव्हा केग्विन घराण्याचा वाडा तेवढा वाचला. गाव पुन्हा उभे राहिले ते पिलचर्ड मासळीवर. ही आपल्या तारलीची भावंडेच. तळमजल्यावर मासळीचे कोठार आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांनी वर गेले की बिऱ्हाड, अशी तेथील जुन्या घरांची रीत. बायका मासळी मिठाच्या थरांत रचीत. काही आठवड्यांनी ती पिंपांत भरून वजनाखाली दाबीत आणि निथळलेले तेल दिव्यांना वापरीत. खारवलेल्या मासळीचा दर्प कसा असतो, हे किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना सांगायला नको. पिंपे जात इटलीला. तेथील कॅथलिकांच्या उपवासकाळावर कॉर्नवॉलच्या प्रॉटेस्टंट कोळ्यांची चूल पेटत असे, ही गंमत आम्हांला नोंदवावीशी वाटते.

१८५९ मध्ये टेमार नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि कॉर्नवॉल लोहमार्गाने उर्वरित इंग्लंडला जोडले गेले. पुढे मासळी घटत गेली, पाहुणे वाढत गेले. कोळ्याची बायको किंवा विधवा माडीवरची खोली भाड्याने देई आणि पाहुण्याला जेवू घाली. जेवणाच्या वेळा तिच्या, शिस्तही तिची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षे पाहुणा आपले रेशनपुस्तकच तिच्या हवाली करी. भाडे पाहुणा देत असला तरी घर तिचेच होते.

मधल्या काळात या घरांवर निराळेच संकट आले. आरोग्यास अपायकारक म्हणून अशी जुनी घरे पाडण्याचे सरकारी धोरण होते. १९३७ साली शेजारच्या न्यूलिन गावच्या कोळ्यांनी 'रोझबड' नावाची मासेमारी नौका थेट लंडनला, थेम्स नदीत नेली आणि पार्लमेंटच्या दारी आपला अर्ज पोहोचविला. काही घरे वाचली, पुष्कळ पडली. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या तसल्याच घरांसाठी आज लोक भरपूर भाडे मोजतात!

१९३८ च्या कायद्याने कामगारांना पगारी रजेचा मार्ग मोकळा केला. युद्धानंतर मोटारी आल्या, रेशन १९५४ मध्ये संपले, आणि पाहुण्याला स्वतःच्या वेळेने जेवावेसे वाटू लागले. त्यात त्याचा दोष नाही. लेकरे घेऊन हॉटेलात राहणे सामान्य कुटुंबाला कोठे परवडते? या व्यवस्थेने पडझडीला आलेली छपरेही सावरली, हे मान्य केले पाहिजे. परंतु खोली देणाऱ्या बाईला घरात राहावेच लागे. स्वयंपाकघराची किल्ली पाहुण्याला दिली की घरात कोणी राहण्याची गरजच उरत नाही. मालक लंडनला असला तरी चालते. मग गावातल्या तरुण जोडप्याला परवडणारे घर गावात सापडत नाही.

याची खरी किंमत कोणती, हे आम्हांला १९८१ च्या १९ डिसेंबरकडे पाहताना उमगते. त्या रात्री वादळात 'युनियन स्टार' हे जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चालले होते. पेनलीची 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक नौका निघाली. तिच्यावरचे आठही जण मावझलचे, विनावेतन स्वयंसेवक. एका घरातले दोघे नकोत म्हणून तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी, बाप नौकेवर असताना आलेल्या त्याच्या मुलाला मागे ठेवले. चौघांना वाचविल्याचा बिनतारी संदेश आला, आणि मग काहीच नाही. दोन्ही नौकांवरची सोळा माणसे गेली. त्यानंतर एका दिवसात गावाने नवे स्वयंसेवक उभे केले.

हाकेसरशी धावणारे लोक हाकेच्या अंतरावर राहावे लागतात. २०१६ मध्ये जवळच्या सेंट आइव्ज गावाने सार्वमत घेऊन, नवे बांधलेले घर दुसरे घर म्हणून वापरण्यास मनाई करण्याच्या बाजूने कौल दिला. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलच्या परिषदेने दुसऱ्या घरांवरचा स्थानिक कर दुप्पट केला आहे. जुन्या घरांचे मालक यामुळे परततील, अशी आशा आम्हांला फारशी वाटत नाही.

मावझलच्या बंदरावर नाताळात मोठी रोषणाई असते. १९ डिसेंबरला, त्या आठ जणांच्या स्मरणार्थ, ती तासभर मालविली जाते. तेव्हा भाड्याच्या घरांतले पाहुणेही धक्क्यावर येऊन उभे राहतात. जानेवारीत रोषणाई उतरते आणि पाहुणे परततात. मग ज्या खिडक्यांत दिवा दिसतो, तेवढीच घरे गावकऱ्यांची.